खारीपुरती दुर्बीण

ज्या राज्याचा राज्यप्राणीच खार आहे, तिथून आलेल्या माणसाला खारीच्या शिकारीच्या रायफलीवर कुठली दुर्बीण बसवावी असं विचारू नये. शेकरू ही काही साधी खार नव्हे, हे कबूल. भीमाशंकरच्या रानात या झाडावरून त्या झाडावर झेप घेणारं ते तांबूस, झुपकेदार शेपटीचं प्रकरण वेगळंच. पण कूळ एकच ना! त्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमच्याकडे शिकार उरली ती आजोबांच्या गोष्टींत, आणि त्या गोष्टींतला वाघ दरवर्षी हातभर वाढत असे. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या शेजारीबुवांनी कुंपणाशी येऊन हा सल्ला मागितला, तेव्हा मी आधी विचारलं, ‘‘मीच का?’’

‘‘तू इंजिनिअर आहेस,’’ बुवा म्हणाले, ‘‘आणि तुला चष्मा आहे.’’

पहिलं कारण मला बरं वाटलं, दुसरं जरा लागलं. पुढे कळलं की खरं कारण ते दुसरंच होतं.

रविवारी आईला फोनवर ही हकीकत सांगितली. ती हादरलीच. ‘‘खारीला मारतात? अरे, तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत!’’ मी म्हटलं, ‘‘आई, इथली खार करडी असते. पाठीवर एकही पट्टा नाही.’’ पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, ‘‘मग ती सेतू बांधायला आली नसेल,’’ आणि तिने विषय भाजीच्या भावावर नेला. धर्मशास्त्राचा प्रश्न इतक्या झटपट सुटलेला मी दुसरा पाहिला नाही. इथे चिपमंक नावाचा एक चिमुकला प्राणी आहे, त्याच्या पाठीवर मात्र चांगले ठसठशीत पट्टे असतात. बुवा त्याच्या वाटेला जात नाहीत. कारण रामायणाशी संबंधित नाही; त्याच्यात घासभरसुद्धा मांस निघत नाही, एवढंच.

इथे खारीची शिकार ही बड्या लोकांची हौस नव्हे. हरणाचा हंगाम हा इथला मोठा सण. त्याच्या पहिल्या सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असते. खार म्हणजे त्याआधीची शाळा. ओक आणि हिकरीची फळं पिकू लागली की पहाटे झाडाच्या बुंध्याला पाठ लावून गप्प बसायचं आणि कान द्यायचा. वर खार फळं कुरतडत असते, तिच्या तोंडातून सुटलेली टरफलं पानांवर टपटपतात. त्या आवाजावरून झाड ओळखायचं, मग फांदी, मग खार. बुवांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं आणि बाराव्या वाढदिवसाला एक पॉइंट टू-टूची रायफल हातात दिली. तीच रायफल अजून आहे. एकेक गोळी भरायची, बोल्ट मागेपुढे करायचा. अक्रोडी लाकडाचा दस्ता हाताच्या घामाने काळपट झालेला. बुवा आता सत्तरीच्या पुढे गेलेत, पण हंगामात त्यांच्या फ्रीझरमध्ये खारी असतातच. सरकारने माणशी दिवसाला सहाची मर्यादा घातलेली आहे. बुवा दोनवर उठतात, कारण त्यांच्या रश्श्याला दोनच लागतात.

रश्श्यावरून आठवलं. ब्रन्सविक स्टू नावाचा इथला जो नामांकित रस्सा आहे, तो मुळात खारीचा. तो आमच्या गावचा, असं व्हर्जिनियातला ब्रन्सविक परगणा म्हणतो आणि जॉर्जियातलं ब्रन्सविक शहरही म्हणतं. भांडण जुनं आहे आणि मिटावं अशी कुणाचीच इच्छा दिसत नाही. दरम्यान दोन्हीकडच्या पातेल्यांतून खार केव्हाच गेली आणि कोंबडी येऊन बसली.

इतिहास सांगायला लागले की बुवा थांबत नाहीत, आणि त्यांचा इतिहास खारींतून जातो. अठराव्या शतकात त्यांच्याच लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या आणि जगाने त्यांना नाव दिलं ‘केंटकी रायफल’. याचा बुवांना अजून राग आहे. पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑड्युबॉनने लिहून ठेवलंय की डॅनियल बून खारीला गोळी मारतच नसे; ती बसली असेल त्या फांदीची साल तिच्या पोटाखालून उडवायचा, आणि त्या हादऱ्यानेच खार खाली. मांसाला ओरखडासुद्धा नाही. १८६२ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेची फौज सिनसिनाटीवर चालून येतेय असं कळल्यावर ओहायोच्या गव्हर्नरने लोकांना हाक दिली, आणि पंधरा हजारांवर माणसं घरच्या बंदुका घेऊन शहरात दाखल झाली. त्यांचं नावच पडलं ‘खारीचे शिकारी’. फौज चालून आली नाही. बुवांच्या मते ती घाबरली.

आता डोळ्यांकडे वळतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. साध्या रायफलीवर नेम धरायचा म्हणजे तीन वस्तू एका रेषेत आणायच्या: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि पलीकडची खार. तिघी तीन अंतरांवर. तरुण डोळा या तिघींवरून इतक्या चपळाईने फिरतो की तिन्ही एकदमच दिसताहेत असं वाटतं. चाळिशी लागली की ही चपळाई संपते. खाच आधी धुरकट होते, मग माशी. सत्तरीत खार स्वच्छ दिसते आणि तिच्यापुढे माशीच्या जागी नुसता करडा डाग. माझा चष्मा तीन मजली आहे. वरच्या मजल्यावरून रस्ता, मधल्यातून कॉम्प्युटर, खालच्यातून औषधाच्या बाटलीवरची अक्षरं. जिना उतरताना मजला चुकला की पाय पायरीऐवजी हवेत पडतो. तेव्हा बुवांची अडचण मला पहिल्याच वाक्यात कळली. दुर्बिणीत फुली आणि खार डोळ्याला एकाच अंतरावर दिसतात. म्हाताऱ्या डोळ्यासाठी तिचा मोठा गुण हा आहे. वस्तू मोठी दिसणं ही नंतरची गोष्ट.

बाजार मात्र नंतरचीच गोष्ट आधी विकतो.

दुर्बिणीवर आकडे लिहिलेले असतात. ‘३-९x४०’ म्हणजे वस्तू तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठी दिसेल आणि पुढची काच चाळीस मिलिमीटर व्यासाची आहे. ‘४x३२’ म्हणजे कायमची चार पट, काच बत्तीसची. एवढं कळलं की माणूस दुकानात जायला मोकळा, आणि तिथेच त्याला हाव सुटते. आमच्या मंडळातल्या एका मित्राला मी ही कामगिरी सांगितली, तर तिसऱ्या दिवशी त्याची एक्सेल शीट हजर. रंगीत रकाने, खाली शेरा. त्याचा निकाल: सहा ते चोवीस पट, पन्नासची काच. ‘‘अरे, त्याच पैशांत चोवीस पट मिळतायत,’’ तो म्हणाला, ‘‘मग चार पट का घ्यायची?’’ या युक्तिवादाला मराठी माणूस बळी पडतोच. याच न्यायाने आम्ही चौघांच्या घरात बारा लिटरचा कुकर आणलेला आहे.

पण चोवीस पट घेऊन झाडाखाली बसून बघा. चार पटींवर पन्नास यार्डांवरचं साधारण पंधरा फुटांचं चित्र दिसतं: दोन फांद्या, मधली बेचकी, पानांचा झुबका, आणि त्यात हललेली शेपटी. चोवीस पटींवर दिसतं दोन-अडीच फुटांचं वर्तुळ. त्यात साल दिसते. उत्तम दिसते. सालीच्या भेगेतली मुंगीही दिसेल. खार दिसत नाही, कारण ती शेजारच्या फांदीवर आहे आणि तुम्ही रायफल हलवून ती फांदी शोधेपर्यंत तिसऱ्या झाडावर गेली. समजा, सापडली. आता तुमचं हृदयही दिसायला लागतं. प्रत्येक ठोक्याला फुली खारीच्या नाकावरून शेपटीवर आणि पुन्हा नाकावर. चार पटींवरही ती तेवढीच हलत होती, फक्त कळत नव्हतं. ते कळल्यामुळे माणूस घाबरतो, श्वास कोंडतो, घोडा हिसकतो, आणि गोळी ओहायोकडे जाते.

टू-टूची गोळी मुळातच गरीब. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास; जन्म १८८७ चा, आणि आजतागायत जगात सगळ्यात जास्त झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांत तिची गणना. पन्नास यार्डांवर नेम जुळवला तर पंचवीसवरही ती जवळपास तिथेच बसते. पंचाहत्तरवर दोनेक इंच खाली, आणि शंभरवर सहा-सात इंच खाली. म्हणजे शंभर यार्डांवरच्या खारीच्या डोक्यावर नेम धरला तर ती बसलेली फांदीसुद्धा वाचते. जी गोळी साठ यार्डांच्या पलीकडे भरवशाची नाही, तिच्या डोक्यावर चंद्रावरची विवरं दाखवणारी काच कशाला? मित्राला हे सांगितलं. त्याने शीटमध्ये ‘चंद्र’ हा रकाना वाढवला.

फुलीचा इतिहास या निमित्ताने वाचला. १६४० च्या आगेमागे विल्यम गॅसकॉइन नावाचा इंग्रज तरुण दुर्बिणीतून आकाश बघत होता. उघड्या राहिलेल्या नळीत एका कोळ्याने धागा ताणला आणि तो धागा चित्रावर लख्ख उमटलेला गॅसकॉइनला दिसला. दुर्बिणीच्या आत खूण ठेवली तर तिने नेमकं मोजता येईल, हे त्याला त्या धाग्याने सुचवलं. बिचारा १६४४ साली इंग्लंडच्या यादवी युद्धात मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. कोळी मात्र नोकरीत राहिला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोजणीच्या आणि नेमाच्या उपकरणांत कोळ्याचाच धागा ताणत, आणि कॅलिफोर्नियात नॅन सॉन्गर नावाच्या बाई घरी ब्लॅक विडोसारखे कोळी पाळून त्यांच्याकडून धागा काढून घेत. या बाईंकडे पाहुणे चहाला जात असतील का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे.

सामान्य शिकाऱ्याच्या हाती दुर्बीण आली ती १९३० मध्ये, बिल वीव्हरने परवडेल अशी तीन पटींची विकायला काढली तेव्हा. तोवर ती श्रीमंतांची आणि फौजेची. पुढची मोठी अडचण धुक्याची. ओरेगनमध्ये ल्यूपोल्ड नावाचं कुटुंब जमीनमोजणीची आणि पाण्याची पातळी टिपण्याची उपकरणं बनवायचं. त्यांच्यातला मार्कस शिकारीला गेला, दुर्बिणीच्या आत वाफ धरली, हरीण निसटलं. ‘याच्यापेक्षा चांगली मी बनवीन’ असं तो चिडून म्हणाला, असं ती कंपनीच सांगते. मग त्यांनी नळीतली दमट हवा काढून नायट्रोजन भरला आणि १९४७ पासून दुर्बिणी विकायला सुरुवात केली. कडेला जाड आणि मध्यावर बारीक अशी फुलीही त्यांनीच १९६२ मध्ये आणली. रानातल्या अंधुक उजेडात जाड रेघा डोळ्याला मध्यावर आणून सोडतात. त्यानंतर कितीतरी लोकांनी फुलीवर ठिपके, काट्या, ख्रिसमसची झाडं आणि आकडे लादले. बुवांनी तसली एक पाहिली आणि म्हणाले, ‘‘यात खार बसवायला जागा कुठाय?’’

आम्ही दुकानात गेलो तो दिवस मजेचा होता. काचेच्या कपाटात दुर्बिणी ओळीने मांडलेल्या, समोरच्या भिंतीवर भुसा भरलेलं हरणाचं डोकं. विक्रेत्याने नऊ पटींची दुर्बीण हातात दिली. मी हरणाकडे बघितलं. हरीण धुरकट. डोळा जरा डावीकडे नेला, तर फुली हरणाच्या कपाळावरून कानावर गेली. हरीण मेलेलं, दुर्बीण काउंटरवर टेकवलेली, मग हललं कोण? विक्रेता म्हणाला, ‘‘पॅरॅलॅक्स.’’ माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बायको शेजारच्या सीटवरून स्पीडोमीटर बघून ‘‘पासष्टच झालं!’’ म्हणते आणि समोर बसलेल्या मला सत्तर दिसतात, त्यातली ही गोष्ट. काटा आणि आकडे एका पातळीवर नसले की बाजूने बघणाऱ्याला वेगळं दिसतं. दुर्बिणीत फुलीची पातळी ठरलेली असते. समोरच्या वस्तूचं चित्र मात्र तिच्या अंतराप्रमाणे पुढेमागे पडतं. दोन्ही जुळतात ते एकाच अंतरावर. ते अंतर कोणतं, हे कारखान्यात ठरतं.

आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. हरणाच्या रायफलीसाठीच्या दुर्बिणी शंभर किंवा दीडशे यार्डांवर जुळवलेल्या असतात. टू-टूसाठीच्या पन्नास किंवा साठवर. बाहेरून दोन्ही बहिणी-बहिणी. शंभर यार्डांची, चाळीस मिलिमीटर काचेची दुर्बीण पन्नास यार्डांवर वापरली आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेमात दहा मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. दहा मिलिमीटर म्हणजे किती? खारीचं डोकं दीड इंचाचं, आणि नेम डोक्यावरच धरायचा असतो, कारण धडावर बसली तर मांस वाया आणि प्राणी तडफडत राहतो. म्हणजे मधोमध धरलेला नेम कडेच्या निम्म्या वाटेवर जाऊन पोचतो. काही दुर्बिणींना अंतर जुळवायची फिरकी असते. ती चांगलीच, पण खार समोर असताना फिरकी फिरवत बसणाऱ्या माणसाची दया यावी.

डोळा मध्यावर राहिला तर हा घोटाळा होतच नाही. आणि डोळा मध्यावर राहायचा तर गाल दस्त्याला टेकलेला हवा. बुवांच्या रायफलीचा दस्ता माशीवरून नेम धरण्यासाठी बनलेला, म्हणजे खाली. दुर्बीण बसवली की डोळा वर न्यावा लागतो आणि गाल सुटतो. पन्नासची मोठी काच घेतली तर ती नळीला आपटू नये म्हणून दुर्बीण धरणाऱ्या कड्या आणखी उंच घ्याव्या लागतात, गाल आणखी सुटतो, मान अधांतरी, डोळा भटकतो, आणि पॅरॅलॅक्स परत दारात. शीटमध्ये हे नव्हतं. उलट कडी अगदीच ठेंगणी घेतली तर बोल्टचा दांडा उचलताना दुर्बिणीला थडकतो. मी खिशातून पट्टी काढून मोजायला लागलो तेव्हा विक्रेत्याने बुवांकडे सहानुभूतीने बघितलं.

मोठी काच घ्यायचं कारण उजेड, असं सगळे सांगतात. काचेचा व्यास पटींनी भागायचा. चाळीसला नऊने भागलं की साडेचारच्या आत, तेवढ्या मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यापर्यंत पोचतो. बत्तीसला चारने भागलं की आठ. अंधारात तरुणाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते. बुवांच्या वयात पाचच्या आसपास. म्हणजे आठचा झोत आला तरी तीन बाहेरच सांडणार. त्याहून मोठ्या काचेचे पैसे भरायचे ते सांडण्यासाठीच. हे मी बुवांना जरा चाचरतच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला त्याची बाहुली लहान झाली हे कसं सांगायचं? ते खूश झाले. ‘‘वय झाल्याने पैसे वाचले, असं पहिल्यांदाच घडलं.’’

दुकानात मात्र सगळ्याच काचा लख्ख दिसतात. छताला दिव्यांच्या रांगा असताना पेल्याच्या बुडातूनही स्वच्छ दिसेल. चांगली काच आणि वाईट काच यांतला फरक संध्याकाळी दिसतो, झाडाखाली, करड्या सालीवर करडी खार बसलेली असताना. आम्ही दोन दुर्बिणी घेऊन दाराबाहेर गेलो. विक्रेता सोबत आला. आमच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, असं तो म्हणाला. वाहनतळापलीकडे ओकची झाडं होती, सूर्य कलला होता. स्वस्त दुर्बिणीत झाडाची सावलीकडची बाजू एकच काळा पट्टा. दुसरीत त्या पट्ट्यात साल दिसली, तिच्यावरचं शेवाळ दिसलं, फांद्यांच्या कडांना निळसर-जांभळी झालर नव्हती. दोन्हींवर आकडे तेच. आकड्यांची शीट होते. शेवाळाची होत नाही, म्हणून मित्राचा त्यावर विश्वास बसला नाही.

आता उलटा पुरावाही द्यायला हवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, २०२४ पर्यंत मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. त्याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. गोळी हीच, टू-टूची. अंतर हेच, पन्नासच्या आसपास. मधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मघाशी पॅरॅलॅक्सने खाल्लं तेवढंच. आणि या स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्रातून बघायचं, एका पटीने म्हणा ना. मी मोठ्या अभिमानाने हे बुवांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘ते वर्तुळ कधी फांदीच्या मागे जातं का?’’

यावर कोल्हापूरकरांकडेही उत्तर नसावं.

शेवटी घेतली ती दोन ते सात पटींची, बत्तीसची काच, पन्नास यार्डांवर जुळवलेली, साधी फुली. किंमत शीटमधल्या राक्षसापेक्षा थोडी जास्तच पडली. मित्राने हे वैयक्तिक घेतलं. बसवायचं काम बुवांच्या गॅरेजमध्ये झालं. रायफलीच्या पाठीवर कारखान्यातूनच दोन खोबणी कापलेल्या होत्या, त्यांत कड्या सरकवून आवळल्या. मग बुवांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला, रायफल वाळूच्या पिशव्यांवर निजवली आणि नळीच्या मागून आत डोळा लावला. पंचवीस यार्डांवर पुठ्ठ्याला कागद लावलेला होता. नळीच्या गोल भोकातून कागदावरचा काळा ठिपका मधोमध दिसेपर्यंत रायफल सरकवली, मग तिला न हलवता फुली त्याच ठिपक्यावर आणली. एकही गोळी न झाडता निम्मं काम झालं. माझ्या आयुष्यात इतकं सोपं आणि इतकं सुंदर यंत्रशास्त्र मी नोकरीतही पाहिलं नाही.

उरलेलं निम्मं मैदानावर. पन्नास यार्डांवर गोळ्या दोन इंच खाली बसत होत्या. दुर्बिणीच्या फिरकीच्या एका टिचकीला नेम शंभर यार्डांवर पाव इंच हलतो, म्हणजे पन्नासवर एक अष्टमांश. सोळा टिचक्या वर. बुवा फिरवत होते, मी मोजत होतो; इंजिनिअरिंगच्या पदवीचा हा सर्वोच्च उपयोग. पुढच्या गोळ्या ठिपक्यात. मग बुवांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या काढल्या. टू-टूची रायफल गोळ्यांच्या बाबतीत फार चोखंदळ. एका कंपनीच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरतात, दुसरीच्या पाच इथल्या पंचवीस सेंटच्या नाण्याखाली झाकतात. का, ते रायफललाच ठाऊक. बुवांच्या रायफलीला तिघींतली सगळ्यात स्वस्त आवडली. वडिलांचं वळण, ते म्हणाले.

एक गोष्ट ते फार कडकपणे पाळतात. रानात काही हललं की बघायला आधी गळ्यातली दुर्बीण, रायफलीवरची नाही. कारण रायफलीवरच्या दुर्बिणीतून बघणं म्हणजे नळी तिकडे रोखणं, आणि झुडपात हललेलं ते दुसऱ्या कुणाचं पोरगं असू शकतं. दुसरं, झाडावर नेम धरताना खारीच्या मागे जाड खोड किंवा फांदी हवी. ही गरीब गोळी मोकळ्या आकाशात सुटली तर मैलाच्या पलीकडेही जाऊन पडते.

हंगाम सुरू झाला तशी बुवांनी दुर्बीण चारवर ठेवली, ती चारवरच आहे. सातचा आकडा त्यांनी फक्त एकदा वापरला, आमच्या छपरावरचा कौलाचा तुकडा निसटलाय का ते बघायला. तेव्हा दुर्बीण रायफलीवरून काढून हातात घेतली होती, हे सांगायला हवं. आईला मी कळवलं की बुवांना आता नीट दिसतं. ती म्हणाली, ‘‘वाईट झालं.’’

तेव्हा कुणी विचारलंच, तर माझं मत असं. पन्नास-साठ यार्डांवर जुळवलेली, चार पटींची किंवा दोन ते सात पटींची, बत्तीसच्या आसपासची काच, साधी फुली, नळीला आणि बोल्टला न थडकता बसेल तितकी खाली. संध्याकाळी दुकानाबाहेर नेऊन झाडाची सावलीकडची बाजू बघा, आणि तिथे साल दिसली तर घ्या. थोडे पैसे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांच्या डब्यांवर घाला. तुमच्या रायफलीला कुठली आवडते, ते कुठल्याही शीटमध्ये लिहिलेलं नसतं.